मेलेला कोण, हे आधी शोधा : सीमेवरची गुन्हेगारी कथा लिहिणाऱ्यांना आणि छापणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठीत रहस्यकथा व गुन्हेगारी कादंबऱ्या लिहिणारे लेखक, अनुवादक आणि त्या छापणारे संपादक-प्रकाशक यांस,

सप्रेम नमस्कार.

मेक्सिकोतून अमेरिकेत जाणाऱ्या माणसांवर गुन्हेगारी कथा लिहायचं, किंवा अशी एखादी कादंबरी मराठीत आणायचं तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल, तर हे पत्र त्यांच्यासाठी आहे. मेक्सिको-अमेरिका सीमा 3,145 किलोमीटर लांब आहे. तिथले गुन्हे कसे घडतात, कोण तपासतं आणि कुठे अडतात, याची आपल्याकडे फारशी माहिती नसते. त्यामुळे कथेत टोळीवाले, भिंत आणि गोळीबार एवढंच उरतं. आमचं म्हणणं असं की या सीमेवरच्या गुन्ह्याचा जीव तपशिलात आहे. तपशील चुकला तर गुन्हाच चुकतो.

आपल्या ओळखीच्या रहस्यकथेत पहिल्या प्रकरणात प्रेत सापडतं. मयताचं नाव, पत्ता, वारसदार, विम्याची रक्कम हे दोन-चार पानांत कळतं आणि बाकीची कादंबरी खुनी कोण यावर चालते. ॲरिझोनाच्या वाळवंटात सगळं उलटं आहे. माणूस कशानं मेला हे बहुतेक वेळा उघड असतं, उन्हानं आणि तहानेनं. तो कोण होता, हे मात्र वर्षानुवर्षं कळत नाही. टूसॉन शहरातल्या पिमा काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) न्यायवैद्यक कार्यालयात, टेक्सासमधल्या दफनभूमीत, बेपत्ता मुलांसाठी जमीन टोचून बघणाऱ्या मेक्सिकोतल्या आयांच्या हातातल्या लोखंडी सळीवर जे चाललंय तो खरा तपास आहे. तुमचा डिटेक्टिव्ह तिथे शोधा.

माणसं वाळवंटात का जातात, इथपासून सुरुवात करावी लागते. 1990च्या आसपास बहुतेक लोक शहरांतून ओलांडायचे, तिहुआनातून सान डिएगोत किंवा सियुदाद हुआरेसमधून एल पासोत. 1993 मध्ये एल पासोला आणि 1994 मध्ये सान डिएगोला अमेरिकन सीमा गस्ती दलानं, म्हणजे बॉर्डर पेट्रोलनं, शहरी भाग माणसं आणि कुंपण लावून बंद केला. त्या वर्षीच्या दलाच्या आराखड्यातच लिहिलेलं होतं की वाहतूक अधिक खडतर प्रदेशाकडे वळेल. म्हणजे वाळवंट हाच पहारेकरी. योगायोग असा की 1 जानेवारी 1994 लाच उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार लागू झाला. पुढच्या वर्षांत अमेरिकेतला स्वस्त मका मेक्सिकोत येत गेला आणि कोरडवाहू मक्यावर जगणारी गावं मोडकळीला आली. एकीकडे गाव सोडायचं कारण वाढलं, दुसरीकडे सोपी वाट बंद झाली. 1998 ते 2020 या काळात बॉर्डर पेट्रोलच्या स्वतःच्या नोंदीत जवळपास 8,000 मृत्यू आहेत. काउंट्यांचे आकडे याहून मोठे असतात, कारण रँचवाल्याला किंवा शिकाऱ्याला सापडलेली हाडं दलाच्या हिशेबात येतीलच असं नाही.

आता पाण्याचा हिशेब मांडा. सोनोरा राज्यातल्या आल्तार गावातून व्हॅनमध्ये कोंबून सुमारे शंभर किलोमीटरच्या कच्च्या रस्त्यानं सीमेवरच्या सासाबेला नेतात. तिथून पुढे तीन ते पाच रात्री चालणं. जूनमध्ये हवेचं तापमान 42 अंशांच्या वर जातं आणि जमीन त्याहून कितीतरी तापते. अशा उन्हात चालणाऱ्याला दिवसाला किमान आठ-दहा लिटर पाणी लागतं. चार दिवसांचं झालं पस्तीस-चाळीस लिटर, म्हणजे तेवढेच किलो. माणूस प्रत्यक्षात गॅलनचे दोन कॅन घेऊ शकतो. एका गॅलनचे 3.8 लिटर, दोन्ही मिळून साडेसात. म्हणजे तयारी कितीही चांगली असो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी संपणारच. या गणिताला उत्तर नाही, आणि हे गणित वाटाड्याला माहीत असतं. तुमच्या पात्राला हे कधी उमगतं, हा एक प्रसंग एखाद्या पाठलागापेक्षा जास्त अंगावर येईल.

हा कॅन नीट बघा. तो काळा असतो. पांढरं प्लास्टिक उन्हात आणि चांदण्यात चमकतं, म्हणून पूर्वी लोक त्याला रंग फासायचे, गोणपाट गुंडाळायचे. नंतर काळेच कॅन बाजारात विकायला आले. बुटांवर चढवायला गालिच्याच्या तुकड्यांचे तळवे मिळतात, कारण बॉर्डर पेट्रोलची माणसं पाऊलखुणांवरून माग काढतात. ते जीपमागे जुने टायर साखळीनं ओढत कच्चा रस्ता गुळगुळीत करून ठेवतात. सकाळी त्यावर ठसा दिसला की रात्री कुणीतरी गेलं. ठशाच्या कडा वाऱ्यानं ढासळल्यात का, रात्री फिरणाऱ्या किड्यांच्या रेषा ठशाच्या वरून गेल्यात की ठशाखाली दबल्यात, यावरून वेळ काढतात. ही विद्या रहस्यकथेच्या लेखकाला आयती मिळालेली आहे. पण गालिच्याचा तळवाही कापडी घसट सोडतो, आणि मुरलेला मागकरी तीही वाचतो.

माणूस मागे पडतो तो बहुधा फोडांमुळे. नवे किंवा उसने बूट, आत शिरलेली वाळू, चोया निवडुंगाचे काटे. दुसऱ्या रात्री पायाची कातडी सोलवटते. वीस जणांच्या घोळक्यात एकासाठी कुणी थांबत नाही, कारण ठरलेल्या रस्त्यावर ठरलेल्या वेळी गाडी येणार असते. मागे राहिलेल्याला सांगतात, दिवे दिसतायत तिकडे चालत राहा. ते दिवे तीस-चाळीस किलोमीटरवर असतात. पाणी संपलेले लोक गुरांच्या टाक्यांतलं हिरवं पाणी पितात. त्यानं जुलाब होतात आणि शरीरातलं उरलंसुरलं पाणी जातं. शरीराचं तापमान चाळीसच्या वर गेलं की मेंदू काम सोडतो. माणूस भ्रमात कपडे काढून टाकतो, पाकीट फेकतो, झुडपाखाली शिरतो. इथेच तपासाची पहिली गोची होते. ओळखपत्र एका ठिकाणी, शर्ट दुसऱ्या ठिकाणी, माणूस तिसऱ्याच ठिकाणी. आणि अंगावर कपडे नसलेली बाई सापडली की लेखक लगेच बलात्काराचा निष्कर्ष काढतो. बलात्कार या वाटेवर होतात, खूप होतात. पण प्रत्येक उघड्या देहाचा अर्थ तोच नसतो, आणि खरा तपासनीस हा फरक करतो.

देहाचं पुढे काय होतं ते लिहायला संकोच करू नका. उन्हाळ्यात काही आठवड्यांत सांगाडा होऊ शकतो. गिधाडं आणि रानकुत्री हाडं मोठ्या परिसरात विखुरतात. कोरड्या ऋतूत उलट कातडी चामड्यासारखी वाळते. हाताची बोटं वाळून कडक झाली असतील तर ती रासायनिक द्रावणात भिजवून पुन्हा फुगवतात आणि मग ठसे घेतात. हाडांवरून वय काढताना छातीकडच्या बाजूचं हासळीच्या हाडाचं टोक जुळलंय का ते बघतात, कारण ते विशीच्या शेवटी पूर्ण जुळतं. ओटीपोटाच्या हाडावरून स्त्री की पुरुष. मांडीच्या हाडावरून उंची, पण सूत्र कोणत्या लोकांच्या मापांवरून केलंय याला फार महत्त्व आहे. गोऱ्या अमेरिकनांच्या सूत्रानं दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या माणसाची उंची जास्त येते, आणि बेपत्तांच्या यादीत त्याची नोंद जुळत नाही. एवढ्या चुकीनं एक नाव कायमचं हुकतं.

मग वस्तू. पिमा काउंटीत प्रत्येक देहासोबतच्या वस्तू पाकिटात जपून ठेवतात. देवाचं चित्र असलेलं कार्ड, कंगवा, लसूण (साप जवळ येत नाहीत या समजुतीनं बाळगलेली), कमरपट्ट्याच्या आतल्या बाजूला किंवा चड्डीच्या नेफ्यात पेनानं लिहिलेला फोन नंबर. तो नंबर अमेरिकेतल्या भावाचा असतो. घामानं दोन आकडे पुसलेले असतात. मतदार ओळखपत्र सापडलं तरी निश्चिंत होता येत नाही. ग्वातेमाला किंवा होंडुरासची माणसं मेक्सिकोचं उसनं कार्ड बाळगतात, कारण पकडलं तर मेक्सिकन म्हणून फक्त सीमेपलीकडे सोडतील, पार घरापर्यंत परत पाठवणार नाहीत. त्यामुळे कार्डावरचा माणूस दूर कुठे जिवंत असतो आणि त्याच्या नावानं वाळवंटात दुसराच मरून पडलेला असतो. यापेक्षा चांगलं कथानक आम्हाला तरी सुचत नाही.

डीएनए आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे, पण सरकारी राष्ट्रीय विदागारात, म्हणजे डीएनए नोंदींच्या साठ्यात, नातलगाचा नमुना जायचा असेल तर तो पोलीस यंत्रणेमार्फत घ्यावा लागतो. ज्याचा भाऊ बेपत्ता आहे तो स्वतः कागदपत्रांविना शिकागोत भांडी घासतोय. तो पोलीस ठाण्यात जाऊन थुंकी देईल का? आई ओआहाकाच्या डोंगरात, तिला अमेरिकन पोलीस भेटणार कुठे? ही फट बुजवायला टूसॉनच्या कोलिब्री सेंटरसारख्या संस्था आणि अर्जेंटिनाचं न्यायवैद्यक मानवशास्त्र पथक पुढे आलं. हुकूमशाहीत नाहीशा झालेल्यांना शोधण्यासाठी 1984 मध्ये उभं राहिलेलं हे पथक नातलगांचे नमुने त्यांच्या देशात जाऊन घेतं आणि अमेरिकेतल्या बेवारस हाडांशी ताडून बघतं. मॅच लागला की फोन कुणी करायचा, कुणाला करायचा, हे एक स्वतंत्र प्रकरण होईल.

टेक्सासची गोष्ट वेगळी आणि जास्त काळी आहे. सीमेपासून सुमारे 110 किलोमीटर आत फॅल्फ्युरियस गावाजवळ महामार्गावर बॉर्डर पेट्रोलचा नाका आहे. त्याला वळसा घालण्यासाठी गाडीवाला लोकांना नाक्याच्या अलीकडे उतरवतो आणि पलीकडे पुन्हा चढवतो. मधला भाग खाजगी रँचांचा, मऊ वाळूचा, दिशा न कळणाऱ्या झुडपांचा. सात हजारांच्या आसपास वस्तीच्या या ब्रुक्स काउंटीत 2012 या एका वर्षात 129 मृतदेह सापडले. काउंटी गरीब, शेरीफकडे, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाकडे, मोजके शिपाई. टेक्सासच्या लहान काउंट्यांत न्यायवैद्यक अधिकारी नसतो. मृत्यूची चौकशी निवडून आलेला जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक न्यायाधीश, करतो, आणि तो डॉक्टर असावा लागत नाही, वकीलही असावा लागत नाही. बेवारस देहाचा डीएनए नमुना पाठवावा असा राज्याचा कायदा होता. तरी देह नमुना न घेताच पुरले गेले. 2013 पासून विद्यापीठांच्या पथकांनी गावच्या दफनभूमीत उत्खनन केलं तेव्हा कचऱ्याच्या पिशव्यांत भरलेले अवशेष निघाले, काही ठिकाणी एका पिशवीत एकाहून अधिक माणसांची हाडं. टेक्सास रेंजर्स या राज्याच्या तपास दलानं प्राथमिक चौकशी केली आणि गुन्हा दाखल करण्याजोगं काही नाही असं ठरलं. तुमच्या कादंबरीचा खलनायक कोण, हा प्रश्न इथे उभा राहतो, आणि त्याचं उत्तर एका माणसाच्या नावानं देता येत नाही. ते तसंच राहू द्या. शेवटच्या पानावर एखाद्या भ्रष्ट शेरीफला बेड्या घालून हे प्रकरण मिटवू नका.

कोयोतेबद्दल थोडं सविस्तर. हा माणसं पलीकडे नेणारा. त्याला सैतान केलं की लेखकाचं काम सोपं होतं, पण चित्र खोटं होतं. पूर्वी तो गावातलाच असायचा आणि त्याचं नाव खराब झालं तर धंदा बुडायचा. 1990च्या सुरुवातीला काही शे डॉलरमध्ये काम व्हायचं. आता मेक्सिकन माणसालाही सात-आठ हजार आणि त्याहून जास्त मोजावे लागतात. साधारण बोली अशी असते की एका रकमेत तीन प्रयत्न. थोडे आधी, उरलेले ह्यूस्टन किंवा फीनिक्सला पोचल्यावर. पैसे येतात जमीन गहाण टाकून किंवा गावच्या सावकाराकडून महिन्याला चढणाऱ्या व्याजानं. म्हणून पहिल्या प्रयत्नात पकडला गेलेला माणूस घरी परतू शकत नाही, घरी कर्ज वाट बघत असतं. हे कारण लिहिलं नाही तर वाचकाला वाटतं, एवढे हाल झाल्यावर हा पुन्हा का निघाला?

साखळी लांब असते. गावातून माणसं गोळा करणारा, बसवाला, सीमेवर गट ताब्यात घेणारा, वाटाड्या, पलीकडे गाडी घेऊन येणारा, घरात डांबून ठेवणारा. एकाला दुसऱ्याचं खरं नाव माहीत नसतं. पकडला जातो तो वाटाड्या, आणि तो पुष्कळदा आपली फी चुकवण्यासाठी राबणारा स्थलांतरितच असतो. सियुदाद हुआरेसमध्ये चौदा-पंधरा वर्षांची स्थानिक पोरं हे काम करतात, कारण अमेरिकेत अल्पवयीन मेक्सिकन मुलावर खटला भरण्याऐवजी त्याला परत सोडतात. तो पोरगा दुसऱ्या दिवशी पुन्हा गट घेऊन निघतो.

2006च्या अखेरीस मेक्सिको सरकारनं ड्रग टोळ्यांविरुद्ध लष्कर उतरवलं. त्या धुमश्चक्रीच्या वर्षांत टोळ्यांनी या वाटांवर कर बसवला. तामाउलिपास राज्यात प्रवाशाला सांकेतिक शब्द दिला जातो. टोळीच्या पहारेकऱ्यानं विचारलं आणि शब्द सांगता आला नाही, म्हणजे कर भरलेला नाही. 2021 मध्ये तर सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीकाठी रंगीत प्लास्टिकचे पट्टे मनगटाला बांधलेले दिसू लागले. शब्द नसलेल्याला ओलीस ठेवतात. न्युएवो लारेदोच्या बसस्थानकाच्या आसपासूनही माणसं उचलली गेलेली आहेत. आधी मोबाइल काढून घेतात, त्यात अमेरिकेतले नंबर असतातच. मग नातलगाला फोन. खंडणी एकगठ्ठा मागत नाहीत, कारण मोठी रक्कम पाठवताना विचारणा होते. वेगवेगळ्या नावांवर छोट्या रकमा पाठवायला सांगतात. त्या पावत्यांचे नंबर हा पोलिसांच्या हाती लागणारा बहुधा एकमेव धागा असतो, आणि तो आईनं किंवा भावानं जपून ठेवला असेल तरच.

ऑगस्ट 2010 मध्ये याच राज्यात सान फेर्नांदोजवळ एका गोदामात 72 स्थलांतरितांना गोळ्या घालण्यात आल्या. मानेत गोळी लागलेला एक इक्वादोरचा तरुण मेल्याचं सोंग करून निसटला आणि नौदलाच्या नाक्यावर पोचला, म्हणून हे उघडकीला आलं. मृतांत होंडुरास, एल साल्वादोर, ग्वातेमाला, ब्राझीलची माणसं होती, आणि एक भारतीयही. पुढच्या वर्षी त्याच तालुक्यात खड्ड्यांतून 193 देह निघाले. टोळी हाच एकटा गुन्हेगार असं मात्र धरून चालू नका. जानेवारी 2021 मध्ये तामाउलिपासमधल्याच कामार्गोजवळ 19 जणांचे जळालेले देह सापडले, बहुतेक ग्वातेमालाच्या कोमितान्सियो भागातले. गाडीवर शंभरावर गोळ्यांच्या खुणा, आणि जागेवर काडतुसाची एकही पुंगळी नाही. कुणीतरी ती उचलली होती, म्हणजे पुरावा कसा असतो हे ठाऊक असलेल्या कुणीतरी. अटक झाली राज्य पोलिसांच्या बारा जणांना, आणि 2023 मध्ये त्यांतल्या बहुतेकांना खुनासाठी शिक्षा झाली. न सापडलेल्या पुंगळ्यांवरून वाट पोलिसांकडे जाते, हा तर्क आपल्या वाचकाला नक्की भावेल.

ट्रकमधले मृत्यू लिहिताना यंत्राची माहिती करून घ्या. 27 जून 2022 रोजी सान अँटोनिओच्या कडेला उभ्या राहिलेल्या ट्रेलरमधले 53 जण मेले. थंड माल वाहून नेणारा ट्रेलर सीलबंद आणि आतून उष्णतारोधक असतो. शीतयंत्र चालू असेल तर आत गारठा, बंद पडलं तर भट्टी, कारण जी भिंत ऊन आत येऊ देत नाही तीच आतल्या माणसांची ऊब बाहेर जाऊ देत नाही. दार बाहेरून लागतं. हवेचा झोत माल थंड करण्यापुरता आतल्या आत फिरतो, बाहेरची ताजी हवा येत नाही. शीतयंत्र चालत नव्हतं. कुत्र्यांना वास येऊ नये म्हणून मांसाला लावायचा मसाला आत भुरभुरलेला होता, असं वाचलेल्यांनी सांगितलं. या प्रकरणात 2025 मध्ये दोघांना ज्यूरीनं दोषी ठरवलं. माणसं नेताना मृत्यू झाला तर अमेरिकन कायद्यात जन्मठेप किंवा देहदंडापर्यंत शिक्षा आहे. आणि अशा खटल्यात वाचलेला स्थलांतरित हा साक्षीदार म्हणून कोठडीत ठेवता येतो, त्याची साक्ष व्हिडिओवर नोंदवून मग त्याला देशाबाहेर काढता येतं. खटला उभा राहीपर्यंत साक्षीदार दोन हजार किलोमीटर लांब गेलेला असतो.

तपास कुणाचा, इथे मराठी अनुवाद हमखास घसरतात. सगळ्यांना ‘पोलीस’ म्हणून चालत नाही. सीमेवर आणि नाक्यांवर बॉर्डर पेट्रोल, आतल्या शहरांत स्थलांतरितांची धरपकड करणारं आयसीई हे केंद्रीय खातं, काउंटीचा शेरीफ, राज्याचे रेंजर्स, यांच्या हद्दी आणि अधिकार वेगळे. ॲरिझोनात तोहोनो ओ’ओधाम या मूलनिवासी राष्ट्राची जमीन सीमेला शंभरएक किलोमीटर लागून आहे. तिथं त्यांचे स्वतःचे पोलीस, पण खून झाला तर एफबीआय. मेक्सिकोच्या बाजूला नारिंगी कपड्यांतले ग्रुपो बेता हे मदतीसाठी, राष्ट्रीय स्थलांतर संस्था अडवण्यासाठी, आणि गुन्ह्याचा तपास राज्याच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाकडे, म्हणजे फिस्कालियाकडे. स्थलांतर संस्थेच्या कोठडीचा स्वतःचा इतिहास आहे. 27 मार्च 2023 रोजी सियुदाद हुआरेसमध्ये तिथं आग लागली, कुलूप उघडलं गेलं नाही, 40 जण गेले. एकाच देहावर दोन देश आणि चार यंत्रणा हात झटकतात, ते कसे झटकतात हे लिहायचं तर आधी कुणाचा हात कुठवर पोचतो हे माहीत हवं.

कथेला पुढे ढकलणारा एक कायदेशीर तपशील आम्हाला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत गुन्ह्याला बळी पडलेला आणि पोलिसांना मदत करणारा परदेशी माणूस यू व्हिसा मागू शकतो. 2000 सालचा हा कायदा. पण अर्जासोबत तपास यंत्रणेचं सही केलेलं प्रमाणपत्र लागतं, ते द्यायचं की नाही हे त्या यंत्रणेच्या मर्जीवर असतं, आणि सहीपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. वर्षाला मुख्य अर्जदारांचे 10,000च व्हिसे मिळतात, त्यामुळे रांग वर्षानुवर्षांची. आता विचार करा. मालकानं मारहाण केलेली बाई, तिच्या कागदावर सही करू शकणारा एक अधिकारी, आणि त्या अधिकाऱ्याला तिच्याकडून हवी असलेली दुसऱ्याच प्रकरणातली साक्ष. यात बंदूक नाही, पण ताण आहे.

साल पक्कं करा, ही आमची सर्वांत व्यवहारी सूचना. 1992ची सीमा आणि 2005ची सीमा यांत काहीच सारखं नाही. 2019 मध्ये आश्रय मागणाऱ्यांना मेक्सिकोतच थांबवायला सुरुवात झाली आणि ते टोळ्यांच्या हाती आयते सापडले. मार्च 2020 ते 11 मे 2023 या काळात साथीच्या नावाखालच्या नियमानं लोकांना खटल्याविना तासाभरात परत पाठवत, म्हणून एकच माणूस आठवड्यात तीनदा प्रयत्न करायचा. जानेवारी 2023 पासून सीमेवर हजर होऊन आश्रय मागायची वेळ मोबाइलच्या सरकारी ॲपवर मिळवायची. 20 जानेवारी 2025 ला ते ॲप बंद झालं आणि ठरलेल्या सगळ्या वेळा रद्द झाल्या. त्या दुपारी सीमेवरच्या पुलाच्या तोंडाशी, हातात मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या पात्राला दुसऱ्या कुठल्याही दिवशी उभं करता येणार नाही.

आणि ‘मेक्सिकन’ म्हणजे एकच एक माणूस नव्हे. ओआहाकाचे मिस्तेको, सापोतेको, त्रिकी हे मूलनिवासी लोक आधी बाखा कॅलिफोर्नियातल्या सान किंतिनच्या टोमॅटोच्या मळ्यांत आणि मग कॅलिफोर्नियाच्या शेतांत जातात. अनेकांना स्पॅनिश धड येत नाही. कोर्टात स्पॅनिश दुभाषा दिला की न्याय झाला असं मानलं जातं, आणि आरोपी न समजता मान हलवतो. मिचोआकान आणि गेरेरो या राज्यांतून लोक आता गरिबीइतकेच टोळीच्या धमकीमुळे निघतात. लिंबाच्या आणि अवाकाडोच्या बागांवर किलोमागे खंडणी बसते.

आपला संबंध आहे का? आहे, पण ओढूनताणून आणू नका. जून 2019 मध्ये ॲरिझोनात ल्यूकविलजवळ सहा वर्षांची एक पंजाबी मुलगी उन्हानं गेली, तिची आई पाणी शोधायला गेली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोनं 311 भारतीयांना एका विमानात घालून परत पाठवलं. 5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला उतरलेल्या अमेरिकन लष्करी विमानातल्या 104 जणांत महाराष्ट्राचे तिघं होते. एजंटाला दिलेले लाखो रुपये, गहाण जमीन, तीच वाट. यावर मराठी लेखकानं जरूर लिहावं. मात्र मेक्सिकन कादंबरीचा अनुवाद करताना पात्रांना मराठी वळण देऊन त्यांचं गाव पुसून टाकू नये.

अनुवादकांना काही कामाच्या गोष्टी. मैलांचे किलोमीटर, फॅरनहाइटचे सेल्सिअस, गॅलनचे लिटर करा, नाहीतर पाण्याचं ते गणित वाचकाच्या लक्षातच येणार नाही. अनोळखी मेक्सिकन वाटाड्या आणि होंडुरासची आई एकमेकांना कसं संबोधतात ते मुळात तपासा. मराठीत अरे-तुरे की अहो-जाहो हे त्यावर ठरवा. होंडुरासचा माणूस बोलण्यावरून ओळखू येतो. खरा मेक्सिकन कोण हे बघायला मेक्सिकन अधिकारी बसमध्ये चढून राष्ट्रगीत म्हणायला लावतात, राज्यपालाचं नाव विचारतात. अशा प्रसंगात ती भीती संवादात उतरली पाहिजे, तळटिपेत नव्हे.

संपादक-प्रकाशकांकडे मागणं असं. कादंबरीच्या सुरुवातीला नकाशा छापा, त्यावर सीमा, वाळवंट, नाका आणि गावं असू द्या, आणि शेजारी कथेचं साल. स्पॅनिश जाणणाऱ्या एका वाचकाला मानधन देऊन हस्तलिखित तपासून घ्या. निदान गावांची, यंत्रणांची आणि पदांची नावं तरी. मुखपृष्ठावर खऱ्या मृतांची, नदीकाठी सापडलेल्यांची छायाचित्रं वापरू नका, त्यांच्या घरचे अजून ती पाहतात. आणि मलपृष्ठावर ‘थरारक’ हा शब्द घालण्याआधी पुस्तकातल्या मृताला नाव मिळालंय का, ते एकदा बघा. मिळालं नसेल तर का मिळालं नाही, हे पुस्तकात कुठल्या पानावर आलंय, ते लेखकाला विचारा.

कळावे,
सीमेवरच्या साहित्याचे काही मराठी वाचक आणि अनुवादक